दूध बाधतं म्हणून सोडलं, पण त्याच्या जागी काय आणि किती?

कवडसा
दीड वर्षापूर्वी मी दूध सोडलं. सकाळी कपभर दुधाची कॉफी घेतली की तासा-दीड तासात पोट फुगायचं, गुडगुडायचं आणि आठवड्यातून दोन-तीनदा तरी नेमके कामावर निघायच्या वेळेला जुलाब व्हायचे. चार वर्षं मी हे ताणाच्या माथी मारलं. मग एकदा सलग आठ दिवस दूध घेतलं नाही आणि पोट इतकं शांत राहिलं की तिथल्या तिथे ठरवून टाकलं, आता दुधाचं काहीच नको. दूध, दही, लोणी, चीज, आइस्क्रीम सगळं बंद. कॉफीत बदामाचं दूध, तेही घरी केलेलं.

पोटाचा त्रास गेला हे खरं. पण मागच्या आठवड्यात रक्ततपासणीत बी१२ आणि ड जीवनसत्त्व, दोन्ही कमी आलं. डॉक्टरांनी विचारलं, "दूध घेत नाही, मग कॅल्शियम कुठून मिळतं तुम्हाला?" मी "बदामाचं दूध घेते की" म्हणाले आणि ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. घरी येऊन हिशेब करायला बसले तर खरंच काही सांगता येईना.

त्याहून मोठी काळजी मुलीची. ती ९ वर्षांची आहे. माझं बघून तिनंही दोन महिन्यांपासून दूध नको म्हणायला सुरुवात केली आहे. तिला काहीच त्रास नाही, फक्त "आईला बाधतं म्हणजे मलाही बाधेल" असं तिच्या डोक्यात बसलंय. हे मी तिच्या डोक्यात घातलं याचं फार वाईट वाटतं.

ज्यांनी दूध सोडलंय किंवा ज्यांना यातलं कळतं, त्यांनी कृपया लिहा. दही-चीजसुद्धा सोडायची गरज होती का? बदामाचं दूध पुरेसं आहे का? आणि मुलीचं काय करू?

वाटसरू
डिट्टो माझी कथा, फक्त मला हे पस्तिशीनंतर सुरू झालं. लहानपणी तांब्याभर दूध प्यायचो, काही व्हायचं नाही. तेव्हा पचत होतं ते आता का पचू नये, हे मला अजून कळलेलं नाही. वाचतोय.

दीपमाळ
मी आहारतज्ज्ञ आहे. इथे लिहिते ते सर्वसाधारण माहिती म्हणून घ्या, तपासणीची जागा ते घेऊ शकत नाही.

वाटसरू यांच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, १०० मिलीत साधारण ५ ग्रॅम. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साखरा जोडून ती बनलेली असते, आणि जोडलेली असेपर्यंत आतड्याला ती शोषता येत नाही. ती तोडायचं काम लहान आतड्याच्या अस्तरावरचं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) करतं. ते कमी पडलं की साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते. तिथले जीवाणू ती आंबवतात, त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेन तयार होतो. म्हणून पोट फुगतं, गुडगुडतं. शिवाय न शोषलेली साखर पाणी ओढून घेते, म्हणून जुलाब.

लॅक्टेज लहानपणी भरपूर असतं, कारण बाळाचं अन्नच दूध. दूध सुटल्यावर ते हळूहळू कमी होत जाणं हा सस्तन प्राण्यांचा सर्वसाधारण नियम आहे, माणसांतही बहुतेकांचा. जगातल्या प्रौढांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांत ते कमी असतं. ज्यांच्यात ते आयुष्यभर टिकतं त्यांच्या जनुकांत एक बारीकसा बदल असतो. युरोपीय वंशाच्या लोकांतला हा बदल २००२ साली सापडला. आफ्रिकेतल्या गुरं पाळणाऱ्या लोकांत वेगळेच बदल सापडले आणि काम मात्र तेच. त्यामुळे वाटसरू, तुमच्या शरीरात काही बिघडलंय असं मनात आणू नका. विकर वर्षानुवर्षं ओसरत जातं आणि एक दिवस नेहमीचा पेला त्याला झेपेनासा होतो.

आता महत्त्वाचं. विकर कमी असणं आणि दुधाचा थेंबही न चालणं यात पुष्कळ अंतर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं २०१० मध्ये तज्ज्ञांची परिषद भरवली होती. लॅक्टोज नीट न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे कपभर दुधाइतकं लॅक्टोज फारशा त्रासाशिवाय चालतं, असं तिथे मांडलं गेलं. जेवणाबरोबर घेतलं तर आणखी सोपं जातं, कारण पोट हळू रिकामं होतं आणि आहे तेवढ्या विकराला वेळ मिळतो. कवडसा, तुम्ही उपाशीपोटी कपभर घेत होतात. सगळ्यात जास्त त्रास व्हायची हीच रीत आहे.

दही-चीजचं म्हणाल तर तुम्ही ती विनाकारण सोडली असण्याची शक्यता बरीच आहे. दह्यातले जिवंत जीवाणू लॅक्टोज तोडणारं विकर स्वतःबरोबर घेऊन येतात आणि आपल्या आतड्यात पोचल्यावरही ते काम करत राहतं. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं हा दावा तपासून मान्य केलेला आहे. मुरवलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज जवळपास शून्यावर येतं, कारण बरंचसं निवळीबरोबर निघून जातं आणि उरलेलं जीवाणू संपवतात. लोण्यात अगदी किरकोळ, तुपात तर नावालाच. उलट दूध पावडर, आटवलेलं दूध, आइस्क्रीम यांत भरपूर. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत निम्म्याच्या आसपास वजन लॅक्टोजचंच असतं, आणि ती बिस्किटांपासून सूपच्या पाकिटांपर्यंत कुठेही घातलेली असते.

रानजाई
दीपमाळताई, तुमचं सगळं पटलं, पण एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहायला हवी. हे सगळं साखर न पचणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे त्यांनी यातलं एक अक्षरही स्वतःला लागू करू नये.

माझा मुलगा सात महिन्यांचा होता. पहिल्यांदाच चमच्याच्या टोकावर दही दिलं. पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. रुग्णालयात पोचेपर्यंतचा तो रस्ता मी अजून स्वप्नात बघते. तपासणीत केसीन आणि दह्याच्या निवळीतली प्रथिनं, दोन्हींची ॲलर्जी निघाली.

त्यानंतर तीन वर्षांनी एका समारंभात त्याला आइस्क्रीम देऊ केलं गेलं. मी आडवी गेले तर उत्तर मिळालं, "अहो, मुद्दाम लॅक्टोज-फ्री आणलंय त्याच्यासाठी." देणाऱ्याच्या मनात मायाच होती. पण लॅक्टोज-फ्री दूध म्हणजे विकर घालून साखर आधीच तोडलेलं साधं दूध. प्रथिनं त्यात जशीच्या तशी असतात. माझ्या मुलाला ते दह्याच्या चमच्याइतकंच घातक होतं.

म्हणून कुणीही "दूध चालत नाही" म्हटलं की आधी विचारा, पोटाचा त्रास की ॲलर्जी? ही दोन अगदी वेगळी दुखणी आहेत आणि दोघांना एकच शब्द वापरल्यामुळे ॲलर्जीवाल्यांना कुणी गांभीर्यानं घेत नाही.

निरभ्र
रानजाई, वाचूनच काळजात धस्स झालं.

एक प्रश्न. गायीच्या दुधाऐवजी शेळीचं दूध अशा मुलांना चालतं असं खूप ठिकाणी वाचलंय. तसंच ए२ दूध आणि न तापवलेलं कच्चं दूध पचायला हलकं असतं म्हणतात. यात तथ्य आहे का?

रानजाई
शेळीच्या दुधाचा सल्ला मला निदान वीस जणांनी दिला असेल. आमच्या ॲलर्जीतज्ज्ञांनी कागदावर आकृती काढून दाखवलं होतं. गाय, शेळी, मेंढी, म्हैस यांच्या दुधातली प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या दहांतल्या नऊ मुलांना शेळीचंही बाधतं. घरी प्रयोग करून बघण्याची ही गोष्ट नव्हे.

दीपमाळ
रानजाई यांनी नेमकं सांगितलं, आणि मी ते सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. ॲलर्जी म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणा दुधातल्या प्रथिनाला शत्रू समजते. पोटाच्या त्रासात ही यंत्रणा कुठेच नसते. ॲलर्जी बहुधा पहिल्या वर्षात दिसते आणि बऱ्याच मुलांची वाढत्या वयात जाते. गेली की नाही हे मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तयारीनिशी तपासायचं. बाळांत आणखी एक प्रकार असतो ज्यात अंगावर काही उठत नाही, पण शौचात रक्त किंवा आव पडते, किंवा दूध दिल्यावर काही तासांनी बाळ वारंवार उलट्या करून मलूल होतं. ते रक्तातल्या नेहमीच्या ॲलर्जी चाचणीत दिसत नाही. अशा वेळी "चाचणी तर नीट आली" म्हणून दूध चालू ठेवू नका, बालरोगतज्ज्ञांशी बोला.

निरभ्र, तुमचे बाकीचे दोन. ए१ आणि ए२ म्हणजे बीटा-केसीन या एकाच प्रथिनाचे दोन प्रकार, फरक साखळीतल्या ६७व्या जागेच्या एका अमिनो आम्लाचा. ए१ पचताना एक विशिष्ट तुकडा सुटतो आणि त्यानं आजार होतात असा दावा होता. युरोपच्या प्राधिकरणानं २००९ मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं आणि आजारांशी कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असं म्हटलं. काहींना ए२ नं पोट बरं वाटतं, त्यावर छोटे अभ्यास आहेत. पण त्यात लॅक्टोज तेवढंच असतं आणि ॲलर्जीवाल्यांना ते चालत नाही, या दोन गोष्टी पक्क्या.

कच्च्या दुधाबद्दल माझं मत कडक आहे. त्यातही लॅक्टोज तेवढंच. पचन सोपं होतं का हे लॅक्टोज न पचणाऱ्या लोकांवर तपासलं गेलं, फरक दिसला नाही. वर साल्मोनेला, लिस्टेरिया, ई. कोलाय यांचा धोका. गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हाताऱ्या माणसाला कच्चं दूध देऊच नये.

मुक्तछंद
मला हे सगळं मुळातच उलटं वाटतं. दूध हे वासराचं अन्न आहे. दुसऱ्या प्राण्याचं दूध मोठेपणी पिणारा माणूस हा एकमेव प्राणी. दोन तृतीयांश लोकांना पचत नाही म्हणजे शरीर सांगतंय की हे तुझ्यासाठी नाही. मी चार वर्षांपूर्वी सगळं सोडलं, त्वचा सुधारली, सर्दी कमी झाली. हाडांचं भय दाखवून लोकांना परत दुधाकडे कशाला ढकलायचं?

दीपमाळ
मुक्तछंद, तुम्ही सोडलंत आणि तुम्हाला बरं वाटतंय, तर ते तुम्ही पुढे चालवावं. दूध नसेल तर माणूस जगत नाही असं मुळीच नाही. मात्र "माणसासाठी नाही" हे मला पटत नाही. मातीच्या भांड्यांत मुरलेले दुधातल्या मेदाचे अंश सुमारे ९००० वर्षांपूर्वीचे सापडले आहेत, आणि ते वापरणाऱ्या बहुतेकांकडे मोठेपणी टिकणारं लॅक्टेज नव्हतं. विकर टिकवणारा जनुकीय बदल युरोपात सर्रास झाला तो त्यानंतर हजारो वर्षांनी. म्हणजे दूध न पचणारी माणसंसुद्धा पिढ्यानपिढ्या ते वापरत होती.

त्वचेबद्दल तुमच्या म्हणण्यात काहीतरी आहे. दूध, विशेषतः साय काढलेलं दूध, आणि मुरुमं यांचा संबंध अनेक पाहण्यांत दिसला आहे. दुधामुळेच मुरुमं येतात असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण ज्याला त्रास आहे त्यानं महिना-दोन महिने सोडून बघायला हरकत नसावी. सर्दीचं तसं नाही. स्वयंसेवकांना मुद्दाम सर्दीच्या विषाणूची लागण करून, दूध पिणाऱ्यांत शेंबूड वाढतो का हे मोजलं गेलं. वाढला नाही. दूध लाळेत मिसळून क्षणभर घशात दाट लागतं, त्यावरून कफ झाल्यासारखं वाटतं.

हाडांचं भय मी दाखवत नाही, पण आकडा लपवणारही नाही. ब्रिटनमध्ये एपिक-ऑक्सफर्ड नावाचा दीर्घ अभ्यास झाला, सुमारे ५५,००० माणसं. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार प्राणिजन्य काहीच न खाणाऱ्यांत हाड मोडण्याचं एकूण प्रमाण मांस खाणाऱ्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त होतं, खुब्याचं तर दुपटीहून जास्त. वजन, कॅल्शियम आणि प्रथिनं यांचा हिशेब धरल्यावर फरक कमी झाला, पण पुरता गेला नाही. यावरून दूधच प्या असं निघत नाही. जे काढलं ते दुसरीकडून भरलं नाही तर हाडाला कळतं, एवढं मात्र निघतं.

कर्करोगाचं कुणी विचारेलच म्हणून लिहून ठेवते. जागतिक कर्करोग संशोधन निधीच्या २०१८ च्या अहवालात दुग्धजन्य पदार्थांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका बहुधा कमी होतो असं आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका वाढत असल्याचे संकेत आहेत, पण पुरावा मर्यादित. एकाच पदार्थाचे असे दोन विरुद्ध निष्कर्ष असताना "दूध विष" आणि "दूध अमृत" या दोन्ही घोषणा मला खोट्या वाटतात.

मुक्तछंद
आकड्यांबद्दल आभार. ४३ टक्के हे मला माहीत नव्हतं. मी कॅल्शियम मोजत नाही हे कबूल करतो. आता मोजेन.

सांजवारा
मी दहा वर्षांपासून दुधाविना आहे, प्राण्यांच्या कळवळ्यानं सोडलं. त्यामुळे पर्यायांचा अनुभव भरपूर. कवडसाताई, तुमच्या बदामाच्या दुधाबद्दल मला बोलायचंय.

बदामाच्या दुधात बदाम फार नसतात. विकतच्या खोक्यावर घटक वाचा, बहुधा २-३ टक्के. प्रथिनं १०० मिलीत अर्धा ग्रॅम, तर गायीच्या दुधात ३ ग्रॅमहून जास्त. आणि घरी केलेल्यात वरून घातलेलं कॅल्शियमही नसतं, बी१२ नसतं, ड नसतं. चव छान असते, पण दुधाच्या जागी ते काही भरून काढत नाही. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं होतं.

प्रथिनांत गायीच्या दुधाच्या जवळ जाणारं म्हणजे सोयाचं, १०० मिलीत ३ ग्रॅमच्या आसपास. वाटाण्याच्या प्रथिनाचं दूध मिळत असेल तर तेही तेवढंच. ओटचं साधारण १ ग्रॅम. तांदळाचं आणि नारळाचं नगण्य. ओटचं दूध गोडसर लागतं ते साखर न घालताही, कारण बनवताना विकर घालून त्यातलं पीठूळ तोडतात आणि माल्टोज तयार होतं. "साखर घातलेली नाही" असं लिहिलेल्या खोक्यावरही साखरेचा आकडा दिसतो तो यामुळे. मधुमेह असेल तर हा आकडा जरूर बघा.

खोक्यावर मी तीन ठिकाणी नजर टाकते. कॅल्शियम १०० मिलीत १२० मिग्रॅच्या आसपास आहे का, कारण गायीच्या दुधात तेवढं असतं. बी१२ आणि ड घातलंय का. आणि आयोडीन, जे बहुतेकदा विसरलेलंच असतं. सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या काही दुधांत वरून काहीच घातलेलं नसतं, तेव्हा सेंद्रिय शब्दावर भुलू नका.

आणि खोकं हलवा! घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. मी कित्येक महिने वरचं पाणचट दूध पिऊन तळाचा पांढरा गाळ धुऊन टाकत होते. पैसे मोजले ते नेमके त्या गाळाचे होते.

सोयाचं दूध कॉफीत फाटतं ही तक्रार सगळ्यांची असते. कॉफीचं आम्ल आणि उष्णता एकदम लागली की प्रथिनं गोळा होतात. कॉफी दोन मिनिटं निवू द्या, दूध कोमट करा आणि दुधावर कॉफी ओता. घरी ओटचं दूध करताना ते बुळबुळीत होत असेल तर ओट फार भिजवू नका, गार पाणी वापरा आणि अर्ध्या मिनिटाहून जास्त फिरवू नका.

वाटसरू
सोयाबद्दल मनात धास्ती आहे. पुरुषांनी सोया खाऊ नये, हार्मोन बिघडतात म्हणतात. मला थायरॉइडचीही गोळी चालू आहे.

दीपमाळ
सोयातली आयसोफ्लेव्होन रचनेनं इस्ट्रोजेनसारखी दिसतात म्हणून हा समज. पुरुषांवर झालेले अनेक प्रयोग एकत्र करून दोनदा तपासले गेले, २०१० आणि २०२१ मध्ये. टेस्टोस्टेरॉन कमी झाल्याचं किंवा इस्ट्रोजेन वाढल्याचं दिसलं नाही. दिवसाला पेला-दोन पेले निर्धास्त घ्या.

थायरॉइडच्या गोळीचं मात्र पथ्य आहे. सोया आणि कॅल्शियम दोन्हींमुळे ती नीट शोषली जात नाही. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि कॅल्शियमची गोळी किंवा कॅल्शियम घातलेलं कोणतंही दूध त्यानंतर ४ तासांनी. सोया नव्यानं रोज सुरू करणार असाल तर डॉक्टरांना सांगा, ते काही आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, पुन्हा बघतील.

रानजाई
लहान मुलांच्या बाबतीत भर घालते. पहिल्या वर्षात आईचं दूध किंवा बाळाचं फॉर्म्युला, याला वनस्पतीचं कुठलंही दूध पर्याय नाही. बदामाचं-तांदळाचं दूध हेच मुख्य अन्न झालेल्या बाळांना मुडदूस आणि गंभीर कुपोषण झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ॲलर्जी असलेल्या बाळांसाठी प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं वेगळं फॉर्म्युला मिळतं, तीव्र असेल तर निव्वळ अमिनो आम्लांचं. आमच्या मुलाला दुसरं लागलं. तांदळाचं दूध ब्रिटनच्या आरोग्य सेवेच्या सल्ल्यानुसार ५ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, कारण त्यातलं आर्सेनिक.

आणि ॲलर्जीवाल्यांनी लेबलवर "दूध" हा एकच शब्द शोधून थांबू नये. केसीन, केसिनेट, व्हे, मिल्क सॉलिड्स ही सगळी दुधाचीच नावं. "नॉन-डेअरी" लिहिलेल्या कॉफी पावडरीत सोडियम केसिनेट असू शकतं! दम्याच्या कोरड्या पावडरीच्या काही इनहेलरमध्ये लॅक्टोज असतं आणि त्यात प्रथिनांचे अंश राहू शकतात, ते तर मला औषधांच्या दुकानातल्या एका जागरूक मुलीनं सांगितलं. उलट लॅक्टिक आम्ल आणि कोको बटर या नावांना घाबरायचं कारण नाही, त्यांत बहुधा दूध नसतं.

निरभ्र
घरी मागवून बोटाच्या रक्तावर करायची "फूड इनटॉलरन्स" चाचणी करू का? ९० पदार्थांचा अहवाल देतात म्हणे.

दीपमाळ
कृपया नको. त्या चाचण्या आयजीजी प्रतिपिंडं मोजतात, आणि तो पदार्थ आपण खातो एवढीच त्यांची खूण आहे. युरोपच्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ मध्येच त्या निदानासाठी वापरू नयेत असं स्पष्ट केलं. हा अहवाल हातात घेऊन दूध, गहू, अंडी, सोया सगळं सोडून खंगलेली माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा जीव तुटतो.

कवडसा, तुमच्यासाठी श्वासाची हायड्रोजन चाचणी योग्य ठरेल. पण तिच्याआधी डॉक्टरांना एक विचारा, सीलिएक तपासायची गरज आहे का. गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याचं अस्तर झिजलं की त्यावरचं लॅक्टेजही जातं, आणि दोष दुधावर येतो. आतड्याचा संसर्ग किंवा क्रोन्स या आतड्याच्या आजारातही तसंच. तुमचं बी१२ कमी येणं नुसतं दूध सोडल्यानं की शोषणात गडबड आहे म्हणून, हे कळायला हवं. वजन आपोआप उतरणं, शौचात रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांतलं काही असेल तर वाट बघू नका.

कवडसा
पाच आठवड्यांनी धागा वर काढतेय. सगळ्यांचे प्रतिसाद प्रिंट काढून डॉक्टरांकडे नेले होते.

सीलिएकची रक्तचाचणी केली, ती ठीक आली. मग श्वासाची चाचणी. आदल्या दिवशी साधं, कमी चोथ्याचं जेवण, रात्रीपासून उपाशी. सकाळी एका नळीत फुंकायला लावलं, मग पाण्यात विरघळवलेलं २५ ग्रॅम लॅक्टोज प्यायला दिलं आणि दर अर्ध्या तासानं फुंकायचं, तीन तास. श्वासातल्या हायड्रोजनमध्ये सुरुवातीच्या आकड्यापेक्षा २० पीपीएम (दहा लाखांत २० भाग) वाढ झाली की लॅक्टोज पचत नाही असं धरतात. माझी दीड तासातच ५४ नं वाढली, आणि त्याच सुमाराला पोट तसंच गुडगुडायला लागलं जसं कॉफीनंतर व्हायचं. विचित्र वाटेल, पण मला तिथे बसल्या बसल्या रडू आलं. चार वर्षं मी स्वतःला ताण घेणारी बाई समजत होते.

आता जेवणाबरोबर वाटीभर दही घेते, काही होत नाही. मुरवलेलं चीजही चालतं. कॉफीत सोयाचं दूध, कॅल्शियम घातलेलं, खोकं हलवून. बाहेर आइस्क्रीम खायचं असेल तर पहिल्या घासाबरोबर लॅक्टेजची गोळी. दोनदा करून बघितलं, एकदा पूर्ण जमलं, एकदा थोडं फुगलं. बी१२ आणि ड च्या गोळ्या सुरू आहेत, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

आहाराचा हिशेबही केला. मी पालकावर फार भिस्त ठेवून होते. डॉक्टर म्हणाले, पालकात कॅल्शियम असलं तरी ऑक्झॅलेटमुळे त्यातलं जेमतेम ५ टक्के अंगी लागतं, दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास. ब्रोकोली आणि केलसारख्या भाज्यांतलं मात्र दुधापेक्षाही चांगलं शोषलं जातं, फक्त भाजी खूप खावी लागते. टोफू घेताना तो कॅल्शियम सल्फेटनं घट्ट केलेला आहे का ते बघायला सांगितलं.

मुलीला शेजारी बसवून धागा वाचून दाखवला, तिला झेपेल तेवढा. विकराची गोष्ट तिला फार आवडली. "म्हणजे माझ्या पोटात अजून कात्री आहे आणि तुझी बोथट झाली?" असं विचारलं तिनं. काल रात्री स्वतःहून पेला मागितला.

दीपमाळ
कात्रीची उपमा मी वापरणार आहे, तिला सांगा. ९ ते १८ या वयात अमेरिकी शिफारशीनुसार रोज १३०० मिग्रॅ कॅल्शियम लागतं, मोठ्या माणसाच्या १००० पेक्षाही जास्त, म्हणून तिचा पेला परत आला याचा मला तुमच्याइतकाच आनंद झाला. पुढे किशोरवयात तिलाही त्रास सुरू होऊ शकतो. तसं झालं तर थोडं-थोडं, जेवणाबरोबर आणि दह्याच्या रूपात द्या, एकदम बंद करू नका.

तुमच्या गोळीचं जमलं-नाही-जमलं हे आइस्क्रीम किती वेळ खाल्लं यावर असेल. बराच वेळ खात बसलात तर विकर पुढे निघून जातं. तेव्हा दुसरी अर्ध्यात घ्यावी लागते.

कवडसा
बरोबर! दुसऱ्या वेळी गप्पा मारत तासभर खात होते.

रानजाई, तुमचा मुलगा आता कसा आहे?

रानजाई
सहा वर्षांचा झाला. पुढच्या महिन्यात रुग्णालयात त्याची तपासणी आहे. केकमध्ये भाजलेलं दूध अगदी थोड्या प्रमाणापासून वाढवत नेणार, डॉक्टर समोर, ॲड्रिनालिनचं इंजेक्शन हाताशी. जास्त वेळ भाजल्यावर प्रथिनांचा आकार बदलतो आणि काही मुलांना तेवढं सोसतं, म्हणून सुरुवात तिथून. त्याला केक कसा लागतो हे माहीत नाही. तो रोज झोपताना विचारतो, किती दिवस राहिले. झाल्यावर इथेच लिहीन.